प्रवरेचा काठ ते अवाशचे खोरे : एका संशोधिकेची वाटचाल

दहावी-बारावीचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वस्त्यांमधून एकच प्रश्न घरोघर फिरत असतो : आता पुढे काय? उत्तरेही ठरलेली असतात. मुलगा असेल तर आय.टी.आय., मुलगी असेल तर नर्सिंग किंवा डी.एड., नाहीतर सरळ बी.कॉम. आणि मग बँकेच्या व सरकारी नोकरीच्या परीक्षा. यात गैर काही नाही. ज्या घरात बाप कंपनीत कंत्राटी कामगार आहे आणि आई चार घरची कामे करते, त्या घराला लवकर हाती येणारा पगारच आधी दिसणार. परंतु ज्ञानाची काही दालने अशी आहेत की, त्यांचे दार कोणत्या बाजूला आहे हेसुद्धा आपल्या मुलांना कुणी सांगितलेले नाही. पुरातत्त्वशास्त्र हे त्यांपैकी एक. त्यातही आफ्रिकेचे पुरातत्त्व म्हटले, तर "त्याच्याशी आपला काय संबंध?" असेच कुणीही विचारील.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तो समजावा म्हणून आम्ही या लेखात डॉ. गुड्रून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेची ओळख करून देत आहोत. या बाईंनी महाराष्ट्रातील प्रवरा नदीच्या काठी काम केले, आफ्रिकेत इथिओपिया आणि नामिबिया या देशांत काम केले, नेपाळात वीस वर्षांवर काम केले आणि अखेर पुण्यातच त्यांचा शेवट झाला. महाराष्ट्राच्या मातीशी इतके नाते असूनही त्यांचे नाव आपल्या घरांत क्वचितच ऐकू येते.

नेवाशाजवळचा ओढा

आपल्या तिन्ही शहरांत नगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेली घरे पुष्कळ आहेत. त्या घरांना नेवासे माहीत आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवराकाठचे हे गाव सर्वांना ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक असते. पण त्याची आणखी एक ओळख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव, झेड. डी. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे मोठे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. मध्ययुगापासून खाली खाली जात, सातवाहनांचा काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची वस्ती, आणि नदीच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरांत त्याहून कितीतरी जुन्या माणसाची दगडी हत्यारे, असा मानवाचा प्रदीर्घ इतिहास नेवाशाने दाखवला.

याच नेवाशाजवळ चिरकी नावाचा ओढा प्रवरेला मिळतो. डेक्कन कॉलेजशी संबंध आल्यावर कॉर्व्हिनस बाईंनी १९६६ ते १९६९ या वर्षांत तेथे उत्खनन केले. बाईंचे मूळ शिक्षण भूशास्त्राचे. म्हणून केवळ हत्यारे गोळा करून त्या थांबल्या नाहीत. नदीने कोणता थर कधी टाकला, कोणता थर नंतर कापून नेला, हत्यारे वाहत येऊन पडली की माणसाने बसून तेथेच घडवली, या प्रश्नांच्या मागे त्या लागल्या आणि त्यासाठी त्यांनी प्रवरेचे खोरेच तपासले.

चिरकीला सापडलेली हत्यारे म्हणजे मुख्यतः हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची पाती. हातकुऱ्हाड तळहातात मावेल एवढी, बदामाच्या किंवा पानाच्या आकाराची असते. तिला दांडा नसतो. दगडाच्या दोन्ही अंगांनी ठोके मारून छिलके काढलेले असतात आणि कडेला धार आणलेली असते. मेलेल्या जनावराचे मांस सोडवायला, हाडे फोडायला, लाकूड तासायला ती उपयोगी पडे. दगड तोच, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. मलंगगडाच्या कड्यात, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींत आणि बदलापूरच्या खडी मशिनीवर दिसतो त्याच जातीचा.

मग माणसाने फोडलेला दगड आणि आपोआप फुटलेला दगड यांत फरक कसा करायचा? फरक आहे. जेथे नेमका ठोका बसतो, त्या जागेखाली छिलक्यावर एक लहानसा फुगवटा राहतो, आणि जेथून छिलका निघाला तेथे तसाच खळगा राहतो. एकामागून एक छिलके एकाच हेतूने काढलेले दिसले की ते हाताचे काम समजावे. नदीत गडगडत आलेल्या दगडाच्या कडा मात्र बोथट होतात. ज्याने आयुष्यात कधी छिन्नी-हातोडा धरला आहे, अशा आपल्या वस्तीतल्या गवंड्याला ही गोष्ट एका मिनिटात कळेल.

चिरकीचे वय किती? नेवासे परिसरातील या थरांचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने मोजले, तेव्हा ते साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे गेले. ही पद्धत त्यापुढचे मोजू शकत नाही, म्हणजे खरे वय त्याहून अधिक.

नोंदवहीचे शास्त्र

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आवक-जावक नोंदवही, अनुक्रमांक, दिनांक, शेरा हे आमचे रोजचे जग. पुरातत्त्वाविषयी वाचू लागलो तेव्हा आम्हाला मौज वाटली ती याची, की हे शास्त्रसुद्धा नोंदवहीवरच उभे आहे. उत्खननाच्या जागेचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनाला क्रमांक देतात. वस्तू सापडली की तिची खोली मोजतात, थर लिहितात, नकाशावर जागा दाखवतात आणि मगच ती उचलतात. धुऊन, वाळवून तिच्यावर बारीक अक्षरांत क्रमांक घालतात. ही नोंद नसेल तर हातकुऱ्हाड आणि रस्त्यावरचा दगड यांत शास्त्राच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही, कारण ती कुठल्या काळातली हे मग सांगता येत नाही.

आणि नोंद करून भागत नाही. ती प्रसिद्ध करावी लागते. चिरकीचे उत्खनन १९६९ मध्ये संपले. बाईंच्या प्रवरा अभ्यासाचा पहिला खंड जर्मनीतील ट्युबिंगेन येथून १९८१ साली निघाला आणि चिरकीच्या उत्खननाचा दुसरा खंड १९८३ साली. म्हणजे खणायला तीन-चार वर्षे आणि सगळा हिशेब मांडायला त्यानंतर चौदा वर्षे! मधल्या काळात त्या आफ्रिकेत होत्या, तरी प्रवरेचे काम त्यांनी टाकून दिले नाही.

आफ्रिकेतील कामगिरी

इथिओपिया हा पूर्व आफ्रिकेतील देश. त्याच्या अफार भागात अवाश नदीच्या खोऱ्यात हदार नावाचे ठिकाण आहे. कडक ऊन, उघडे डोंगर आणि पावसाने कापलेल्या घळी. १९७० नंतरच्या दशकात येथे फ्रेंच व अमेरिकन संशोधकांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय मोहीम चालली होती. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी याच मोहिमेतील डोनाल्ड जोहान्सन यांना एका आदिमानव स्त्रीचा सांगाडा सापडला. त्याला 'लुसी' हे नाव मिळाले. लुसी सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिचा मेंदू लहान होता, पण ती दोन पायांवर चालत होती.

लुसीचे नाव जगभर झाले. पण हाडे सापडली तरी एक प्रश्न उरतोच : माणसाच्या पूर्वजाने दगडाला दगड मारून हत्यार करायला केव्हा सुरुवात केली? कॉर्व्हिनस बाई या मोहिमेत हाच शोध घेत होत्या. प्रवरेच्या काठी थर वाचायला शिकलेली नजर येथे कामी आली. हदारच्या परिसरातील दगडी हत्यारांविषयीचा त्यांचा लेख १९७६ साली 'नेचर' या विख्यात विज्ञान साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फ्रान्सच्या एलेन रोश यांच्यासह त्यांनी या भागाचे प्राथमिक निष्कर्ष मांडले. हदारच्या शेजारचे गोना हे ठिकाण त्यातून पुढे आले. येथील हत्यारे हातकुऱ्हाडीसारखी घोटीव नव्हती. गोट्यावर चार-दोन ठोके मारून काढलेले साधे छिलके, पण धारदार.

दरम्यान इथिओपियात १९७४ साली सम्राट हैले सेलासी यांची सत्ता उलथली, पुढे देशात अशांतता माजली आणि बराच काळ असले संशोधन थांबले. गोनाचे काम पुढे नेले ते सिलेशी सेमाव या इथिओपियन संशोधकाने. १९९७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेथील हत्यारे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे जाहीर केले. त्या वेळी ज्ञात असलेली ती जगातील सर्वांत जुनी हत्यारे होती. पुढे २०१५ मध्ये केनियातील लोमेक्वी येथील ३३ लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांनी तो मान घेतला. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्या भूमीवर परदेशी संशोधकांनी सुरुवात केली, त्या भूमीचा पुत्र पुढे स्वतः संशोधक म्हणून उभा राहिला.

इथिओपियानंतर बाईंचे काम दक्षिणेला नामिबियाच्या किनाऱ्यावर झाले. तेथे ऑरेंज नदीच्या मुखाकडील भाग हिऱ्यांच्या खाणींचा. हिऱ्यांसाठी वाळूचे डोंगर उपसले जात, त्यातून जुने समुद्रकिनारे व नदीचे थर उघडे पडत. त्या थरांत बाईंना आदिमानवाची हत्यारे आणि प्राचीन प्राण्यांचे अवशेष अभ्यासता आले. ॲरिसड्रिफ्ट या ठिकाणच्या कोट्यवधी वर्षे जुन्या प्राणी-अवशेषांवर त्यांनी हेंडी या संशोधकासह १९७८ साली लेख लिहिला आणि किनाऱ्यावरील उंचावलेल्या पुळणींचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या वेळी नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीच्या ताब्यात होता. तो स्वतंत्र झाला १९९० साली. ज्या मातीतून माणूस निर्माण झाल्याचे पुरावे निघत होते, त्याच मातीत माणसाला कातडीच्या रंगावरून वेगळ्या वस्तीत राहावे लागत होते. गावकुसाबाहेरचे जीवन ज्यांच्या आजोबांनी काढले, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नेपाळ आणि अखेर

१९८४ पासून कॉर्व्हिनस बाईंनी नेपाळच्या तराई व शिवालिक टेकड्यांत पायपीट सुरू केली. दांग आणि देउखुरी या खोऱ्यांत त्यांना आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. लुंबिनीच्या शेजारच्या नवलपरासी भागात सतपती येथेही मिळाल्या. त्याआधी नेपाळच्या अश्मयुगाविषयी फारच थोडी माहिती होती. आज ती जी काही आहे, तिचा पाया मोठ्या प्रमाणावर या एका बाईंनी घातला.

जानेवारी २००६ मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. वयाची सत्तरी ओलांडलेली, जन्मभर दगडगोट्यांत रमलेली ही विदुषी अशा रीतीने जावी, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे. नेपाळवरील त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या पश्चात २००७ साली निघाला. वीस वर्षांवरच्या कामाचा हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता.

आपल्याला यातून काय कळते?

प्रवरेकाठची हातकुऱ्हाड आणि आफ्रिकेतली हातकुऱ्हाड शेजारी ठेवल्या, तर एकाच कारागिराच्या घराण्यातल्या वाटतात. या प्रकारची सर्वांत जुनी हत्यारे केनियात सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मिळाली आहेत. आपल्या देशात तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे डॉ. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी ती सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ साली दाखवून दिले. पप्पू बाईही डेक्कन कॉलेजच्याच विद्यार्थिनी. म्हणजे आफ्रिकेतून मानवाची एक जुनी शाखा फार पूर्वीच आपल्याकडे पोचली होती.

ती माणसे हुबेहूब आपल्यासारखी नव्हती. आपल्यासारख्या माणसाचे सर्वांत जुने अवशेषही आफ्रिकेतच, मोरोक्को देशातील जेबेल इरहूद येथे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. तेथून पुढे फार उशिरा माणसे जगभर पसरली. आज पृथ्वीवर राहणारी सर्व माणसे प्रामुख्याने त्यांचीच लेकरे. मग कोण मुखातून जन्मला आणि कोण पायातून?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न शास्त्राच्या कसोटीवर फार आधी घासला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. १९४८ सालच्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचे कोष्टक समोर ठेवून, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, असे दाखवले. त्या वेळी लुसी सापडली नव्हती, गोना ठाऊक नव्हते. नंतरच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत जमिनीतून निघालेल्या पुराव्यांनी, जन्माने उच्च-नीच ठरवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन आणखीच काढून घेतली आहे.

आफ्रिकेचे पुरातत्त्व लाखो वर्षांच्या दगडांवरच संपत नाही. इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके नावाचे प्राचीन बंदर आहे. तेथे अमेरिकन-पोलिश पथकाला जानेवारी २०२२ मध्ये इसिस देवीच्या मंदिरापुढील अंगणात भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती सापडली. उंची ७१ सेंटिमीटर. एप्रिल २०२३ मध्ये ही बातमी जाहीर झाली. त्याच मंदिरात संस्कृत शिलालेख आणि सातवाहनांची नाणीही मिळाली. सातवाहन म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे राजे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने लिहिलेल्या प्रवासवर्णनात बेरेनिकेचा उल्लेख आहे, तसाच कल्याण बंदराचाही आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी भिक्खूसंघाला दिलेल्या दानाचे लेख आहेत. ज्या कल्याणला आपण रोज गाडी बदलतो, ते कल्याण एकेकाळी आफ्रिकेकडे जाणाऱ्या गलबतांच्या वाटेवर होते. आता कुणी म्हणावे, की आफ्रिकेशी आपला काय संबंध!

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, घाबरू नये. पुरातत्त्वात एम.ए. करण्यासाठी शाळेपासून इतिहासच घेतला पाहिजे असे नाही. कॉर्व्हिनस बाई स्वतः भूशास्त्राकडून आल्या. हाडे ओळखणारा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, बियाणे व परागकण ओळखणारा वनस्पतिशास्त्राचा, धातू तपासणारा रसायनशास्त्राचा आणि शिलालेख वाचणारा पाली-संस्कृतचा, या सर्वांची तेथे गरज असते. पालीचे वर्ग आपल्या अनेक विहारांत चालतात. ते शिक्षण येथे वाया जात नाही.

दुसरी गोष्ट, जागा पाहून यावे. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. १८२१ साली सुरू झालेल्या पाठशाळेतून वाढलेली ही संस्था १९३९ पासून संशोधनाला वाहिलेली आहे आणि १९९० पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तेथे पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. मुंबई विद्यापीठातही पुरातत्त्वाचे वर्ग चालतात. शाळेच्या मुलांची सहल दरवर्षी रिसॉर्टला नेण्याऐवजी एकदा कान्हेरीला, एकदा नालासोपाऱ्याच्या स्तूपाकडे न्यावी. त्या स्तूपाचे उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी केले. अश्मयुगाची हत्यारे तर आपल्या लोकलच्या पट्ट्यातही, कांदिवलीला, टॉड नावाच्या इंग्रज गृहस्थांना सापडली होती. त्यांचा लेख १९३९ साली प्रसिद्ध झाला.

तिसरी गोष्ट पैशाची. या वाटेवर पगार उशिरा सुरू होतो, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पीएच.डी.साठी बार्टीची व केंद्र सरकारची अधिछात्रवृत्ती यांची माहिती पदवीच्या वर्षापासूनच काढून ठेवावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, संग्रहालये आणि महाविद्यालये या नोकरीच्या जागा आहेत.

परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र २०२२ साली तिच्या नियमावलीत असे घालण्यात आले, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि तो योग्यच होता. आपला इतिहास आपल्या मुलांनी जगाच्या उत्तमोत्तम विद्यापीठांत का अभ्यासू नये? अर्ज करणाऱ्यांनी चालू वर्षाची नियमावली ओळ न ओळ वाचावी. आणि आफ्रिकेचे पुरातत्त्व हा विषय त्या नियमाच्या शब्दांत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एक दार लोटले गेले, तर दुसऱ्या दारावर थाप मारायला आपण बाबासाहेबांकडून शिकलो आहोत.

उत्खननात कुदळ मारणारे, घमेली वाहणारे, माती चाळणारे हात बहुधा आसपासच्या गावांतल्या गरीब स्त्री-पुरुषांचे असतात. अहवाल छापून येतो तेव्हा त्यांची नावे त्यात क्वचितच असतात. आपल्या मुलामुलींनी आता त्या खड्ड्याच्या काठावर वही आणि मोजपट्टी घेऊन उभे राहावे. दगड ओळखावा, थर वाचावा, नोंद करावी, आणि मजुरी करणाऱ्याचे नावही त्या नोंदीत लिहावे. पालकांनी एवढेच करावे, की यंदा निकालाच्या दिवशी मुलांसमोर जी नावे घ्याल, त्यांत या शास्त्राचेही एक नाव घ्यावे.